व्हिटलोची गाडी आणि मातेय हुडाक

लिडा हुडाक अडुसष्टाव्या वर्षी वाचायला शिकली. ग्रंथालयाच्या तळघरात भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात तिची खुर्ची माझ्या शेजारी होती. मी चाळीस वर्षे तेलविहिरींचे पंप चालवले होते आणि मला मुलीला पत्र लिहायचे होते. लिडाला फक्त एक नाव वाचायचे होते.

पूर्व युरोपातून मजुरीला आलेले तिचे वडील मातेय १९१२ साली वारले. विहीर मंदावली की तळाशी स्फोट करून तेल मोकळे करीत आणि त्यासाठी लागणारे नायट्रोग्लिसरीन घोडागाडीतून नेत. चार्ल्स व्हिटलो गाडी हाकीत असे. खड्ड्यांत डबे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मातेय मागे त्यांना धरून बसे. बीच हॉलोच्या उतारावर गाडी उडाली. पुरण्यासारखे काही उरले नाही, म्हणून कबर नाही. पुढे चर्च जळाले, तेव्हा तेथील नोंदवहीही गेली. बाबांचे नाव पेपरात आले आहे, असे आईने लिडाला सांगितले होते. आईलाही वाचता येत नव्हते. सात वर्षांची लिडा खाणावळीत कामगारांचे तेलकट कपडे धुऊ लागली.

१९७३ साली गावाने तेलाच्या कामात मेलेल्यांसाठी शिळा उभारायचे ठरवले. जुन्या पेपरात छापलेले सापडेल तेच नाव कोरायचे, असा समितीचा नियम होता. ग्रंथपालबाई शोधून द्यायला तयार होत्या. लिडाने नकार दिला. "आजवर सगळं दुसऱ्यांनीच वाचून सांगितलं. हे मी वाचीन," ती म्हणाली.

जुने अंक फिल्मवर उतरवलेले होते. उन्हाळाभर ती यंत्रापुढे बसून फिल्म फिरवीत होती. ऑगस्टमध्ये बातमी सापडली. काचेवर बोट ठेवून तिने ती माझ्यादेखत वाचली. गाडीवान श्री. चार्ल्स व्हिटलो, मनमिळाऊ गृहस्थ. ड्यूक आणि नेली, साऱ्या गावाच्या ओळखीची घोड्यांची उमदी जोडी. आणि एक स्लाव मजूर.

तिने फिल्म पुढे सरकवली. पुढच्या अंकात नेलीविषयी चार शोकाच्या ओळी होत्या. मातेयविषयी काही नव्हते.

समितीचे अध्यक्ष टिल्सन यांचे औषधांचे दुकान होते. ते सभ्यपणे बोलले.

"मला वाईट वाटतं हो, लिडाबाई. पण तुमच्यासाठी नियम सोडला, तर उद्या कोणीही येईल."

"कोणीही म्हणजे कोण? अजून कुणाचा बाप उडालाय?"

"छापलेलं दाखवा, लगेच कोरतो."

"छापलंय की. ड्यूक आणि नेली. कोरा त्यांना."

इतर सभासद हसले. टिल्सन यांनी खाली मान घालून कागदावर काही टिपले. ते शरमले असावेत, असे मला वाटले.

ऑक्टोबरमध्ये शिळेवरचे कापड काढले. व्हिटलोच्या नावाखाली दोन घोड्यांची मुंडकी कोरलेली होती आणि त्यांखाली त्यांची नावे. टिल्सन व्यासपीठावरून म्हणाले, "ही सुंदर कल्पना आपल्या लिडाबाईंची." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती शिळेजवळ गेली आणि बोट फिरवीत तिने वरपासून खालपर्यंत सर्व नावे मोठ्याने वाचली. कोठेही अडखळली नाही.

त्यानंतर ती वर्गाला आली नाही. शिक्षिकेने पाठवले म्हणून मी तिच्या घरी गेलो. ती स्वयंपाकघरात शेंगा सोलीत होती. एवढे शिकलेले वाया जाईल, असे मी म्हणालो.

"वाचता येत नव्हतं ना ऑर्विल, तोवर माझ्या बाबांचं नाव पेपरात होतं," ती म्हणाली.

आणि तिने अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.