तीन सामने आणि जिंतूरचं पटांगण

सुशीलाचं पत्र आलं तेव्हा मी पेडगावला घरी मूग निवडत बसले होते. सुशीला माझी हैदराबादच्या कॉलेजातली मैत्रीण. यंदापासून ती जिंतूरला मुलींच्या शाळेत शिकवते. शाळेला खोल्या दोन आणि खेळायला जागा नाही. शेजारी कापसाच्या गाड्या सुटतात ते मोठं पटांगण मात्र आहे. त्याचे मालक आप्पा, कापसाचे व्यापारी, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे आणि कुस्तीचा भारी नाद. शाळेच्या बैठकीत सुशीलानं त्यांच्याकडे ती जागा मुलींच्या बास्केटबॉलसाठी मागितली आणि जोशात येऊन सांगून टाकलं, "आमच्या कॉलेजची मुलींची टीम हरत नाही."

आप्पा म्हणाले, "मग हंगामाचे पहिले तीन सामने जिंकून दावा. जागा पोरींची. एक जरी हारला, तर कापसाच्या गाड्याच सुटतील."

सुशीलाला खेळातलं काही कळत नाही. मी मात्र दोन वर्षं त्या टीममध्ये होते. पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, "तू ये. निकालही आण आणि मुलींना खेळही दाखव."

मी लगेच कॉलेजातल्या झुबेदाला पत्र टाकलं. ती यंदाची कप्तान. तिचं उत्तर आठवड्यात आलं आणि त्यात पहिला निकालही होता: सिकंदराबादच्या टीमवर आमचा विजय, बावीस-पंधरा. पुढच्या दोन सामन्यांच्या तारखाही तिनं लिहिल्या होत्या. मी त्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवल्या, दोन आणि बारा.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलेलं नाही. त्यामुळे मी काहीही करायला निघाले की आण्णा, माझे वडील, आधी माझ्या बी.ए.कडे बघतात.

"इतकं शिकून चेंडूच्या मागं जायलीस व्हय?" ते म्हणाले.

"चेंडूच्या नाही आण्णा, जागेच्या मागं."

"जागा आपल्या शेतात लय हाय की."

माय मात्र डब्यात भाकरी बांधता बांधता विचारत होती, "बावीस-पंधरा म्हंजे किती पोरी पडल्या?" बास्केटबॉलमध्ये कुणाला पाडायचं नसतं, हे मी तिला समजावलं. तिला ते फारसं पटलं नाही.

पेडगावहून परभणीला सकाळच्या गाडीनं निघावं. जनाना डब्यात बाकावर जागा मिळत नाही, पण खाली पथारी टाकली की बरं वाटतं. माझ्या गाठोड्यात चेंडू होता. समोरच्या बाईंनी दोनदा त्याच्याकडे पाहिलं आणि शेवटी राहवलं नाही.

"भोपळा कितीला घेतला?"

"भोपळा नाही मावशी, चेंडू आहे."

"एवढा? लेकरू केवढं हाय मग?"

लेकरू मीच, असं म्हटल्यावर सगळा डबा हसला. एका मुसलमान आजींनी चेंडू मांडीवर घेऊन दाबून पाहिला आणि पास झाल्यासारखा परत दिला. परभणीला उतरल्यावर त्याच म्हणाल्या, "जीत के आना, बेटी." मी खेळायला नाही, निकाल ऐकायला निघाले आहे, हे सांगायचं राहून गेलं.

दुसरा सामना गुरुवारी होता. इथं येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, निजामाच्या मुलखात शुक्रवारी पोस्ट-कचेऱ्या बंद असतात. गुरुवारी संध्याकाळच्या सामन्याची तार परभणीच्या पोस्टात शनिवारपर्यंत पडून राहिली असती. रेल्वेची तार मात्र कुठलाच वार पाळत नाही. म्हणून मी झुबेदाला पिंगळी स्टेशनचा पत्ता दिला होता. तिथे माझे मामा स्टेशनमास्तर आहेत. परभणीहून पिंगळी पुढचंच स्टेशन. प्लॅटफॉर्म लहान, पण मामींच्या हातची आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी यासाठी कुणीही तिथं उतरावं.

शुक्रवारी सकाळी मी तारेच्या टेबलाशी उभी. यंत्र कडकट करू लागलं. मामा कानानं ऐकून कागदावर लिहीत होते.

"तुमचे एकोणीस," ते म्हणाले.

"आणि त्यांचे?"

यंत्र थांबलं. मामांनी पेन्सिल कानावर ठेवली. "पूर्णेहून फौजेची गाडी येतेय. लाइन तिला आधी."

"मामा, एकच आकडा राहिलाय."

"एका आकड्यासाठी लढाई थांबवू?"

फौजेची गाडी आली, पाणी प्याली, शिपायांनी मामींकडून ताक मागून घेतलं, गाडी गेली. मी तोवर प्लॅटफॉर्मच्या दहा फेऱ्या मारल्या. एकोणीस चांगला आकडा आहे, पण समोरच्यांचे वीस असले तर त्याचा काय उपयोग? अर्ध्या तासानं यंत्र पुन्हा बोललं.

"बारा," मामा म्हणाले. मग मान वर न करता, "जिंकलात. आता भाजी निवडू लाग मामीला."

शनिवारी परभणी ते जिंतूर. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. मागे एक भट्टी असते, क्लीनर तिला सारखा हलवत असतो. भाडं बारा आणे, हाली म्हणजे निजामाच्या नाण्यात. पदर काळा होतो, म्हणून पांढरं लुगडं नेसू नये. झरीपर्यंत आम्ही बसून गेलो. पुढे चढ आला की ड्रायव्हर नुसता मागे वळून बघायचा आणि पुरुष आपणहून उतरायचे.

"तिकिट बसायचं काढलंय का ढकलायचं?" एकानं विचारलं.

"ढकलायचं फुकट हाय," ड्रायव्हर म्हणाला.

बोरीला मोटार तासभर थांबली. तिथे एका बाईकडे उकडलेल्या तुरीच्या शेंगा मिळाल्या, मीठ घातलेल्या, गरम. या दिवसांत इकडून जाणाऱ्यांनी त्या खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बाया आमच्या धुराकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या. जिंतूरला पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सुशीला मला आप्पांकडे घेऊन गेली. ते गादीवर लोडाला टेकून बसले होते. मी दोन्ही निकाल सांगितले.

"कुनी कुनाला चीत केलं?"

"चीत करायचं नसतं आप्पा. चेंडू टोपलीत टाकायचा."

"आन टोपली भरल्यावर?"

"टोपलीला बूड नसतं. चेंडू खाली पडतो."

आप्पांनी मुनीमाकडे पाहिलं. "ऐकलंस? बूड नसलेल्या टोपलीत टाकायलेत. म्हंजे आपला गेल्या सालचा धंदा." मग माझ्याकडे वळून, "दोन झाले. तिसरा कवा?"

"बारा तारखेला."

"तेराला सांगा."

मधल्या दिवसांत मी मुलींना वर्गातच खेळाचे नियम सांगितले. बुरुडाकडून दोन टोपल्या विणून घेतल्या. त्यांची बुडं कापायला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी विनतानाच सोडली आसती की."

बारा तारीख गेली. या वेळची तार झुबेदा जिंतूरच्या पोस्टात करणार होती; तेराला मी तिथं गेले. तार नव्हती. संध्याकाळी पुन्हा गेले, नव्हती. चौदाला सकाळी आप्पा स्वतः शाळेच्या दारात आले.

"जिंकलं आसतं तर वरडत आली आसती तार. हारलेला मानूस घरी सांगत न्हाई. गाड्या बोलावू का?"

"एक दिवस थांबा," मी म्हणाले. "झुबेदा हारली तरी लपवणार नाही. मी विचारते तिला."

आप्पा थांबले. मी तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: सामना व्हायचाच आहे, बारा बहमनला.

झुबेदानं दुसऱ्या सामन्याची तारीख इंग्रजी महिन्याची लिहिली होती, कारण तो सामना मिशनच्या कॉलेजानं ठरवला होता. तिसरा आमच्या कॉलेजच्या मैदानावर, म्हणून तिनं तारीख नोटिशीवरून निजाम सरकारच्या महिन्याची, बहमनची, उतरवली होती. मी बारा तेवढी पाहिली, महिना पाहिलाच नाही. बहमनची बारा यायला अजून अवकाश होता. आमच्याकडे पेरणी पंचांगावर, फी इंग्रजी तारखेवर आणि पगार सरकारी महिन्यावर. एवढं सगळं डोक्यात ठेवून बी.ए. झालेली मी भिंतीवर महिना लिहायला विसरले होते.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "सरकारी तारीख सरकारी शाळेला कळंना. बरं, तोवर जागा मोकळीच हाय. खेळवा पोरी. पन निकाल आला की निकाल."

तेवढे दिवस आम्हाला मिळाले. पटांगणाच्या दोन टोकांना गाडीची जुनी जोखडं उभी रोवून आम्ही टोपल्या टांगल्या. पहिल्या दिवशी सोळा मुली आल्या, परकर खोचून, वेण्या आवळून. चेंडू आला की सगळ्या पळून जायच्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या चेंडूवर तुटून पडायच्या. गंगू नावाची एक उंच मुलगी चेंडू हातात आला की तो कुणालाच द्यायची नाही.

"गंगे, दे की," इतर ओरडायच्या.

"मग मला परत कोन देनार?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी तिला सांगितलं, दिलास तरच परत मिळेल. तिसऱ्या दिवशी तिनं पहिल्यांदा चेंडू दिला, तो परत आला आणि तिनं टोपलीत टाकला. कुंपणाशी उभ्या असलेल्या आयांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. आप्पा आधी गादीवरून बघायचे. मग खुर्ची बाहेर आणली. शेवटी ते उभे राहूनच मोठ्यानं गुण मोजू लागले आणि दोनदा चुकीचे मोजले.

तार आली ती मुली खेळत असताना. पोस्टमन सरळ पटांगणातच आला. खेळ थांबला. तार इंग्रजीत होती आणि तिथे इंग्रजी फक्त सुशीलाला आणि मला येत होतं. मी वाचली. सुशीलानं माझ्या खांद्यावरून वाचली आणि हळूच म्हणाली, "हैदराबादचा पेपर इथं येत नाही गं."

ती काय म्हणते आहे ते मला कळलं. सोळा मुली बघत होत्या. गंगूच्या काखेत चेंडू होता. पण मी ह्याच मुलींना चार दिवस सांगत होते की रेषेवर पाय पडला तर आपणच हात वर करायचा.

"काय म्हनती तार?" आप्पांनी विचारलं.

"हारलो आप्पा. सतरा-अठरा."

"एका पाइंटानं?"

"एकाच."

त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. मग म्हणाले, "एका पाइंटानं हारलं तरी हारलंच. पाठ टेकली म्हंजे टेकली. सोमवारपासून गाड्या येतील."

मुलींनी मान खाली घातली. मी टोपली सोडवायला निघाले, तर आप्पांनी काठी आडवी धरली.

"बाई, एक सांगा. त्या हैद्राबादच्या पोरी मी पाहिल्यात का?"

"नाही."

"न पाहिलेल्या पैलवानावर कुनी शर्त लावत आसतंय का? चूक माझी हाय. ह्या पोरी मी पाहिल्यात." ते मुलींकडे वळले. "कापूस सरला की परभनीच्या शाळेच्या पोरी बोलवा. तुमी जिंकल्या तर जागा तुमची, लिहून देतो. हारल्या तर नाव काढायचं न्हाई. हाय का हिंमत?"

गंगूनं सगळ्यांच्या आधी मान डोलावली. मग हळू आवाजात विचारलं, "पन शिकवनार कोन?"

सुशीला माझ्याकडे बघू लागली. तिच्या शाळेत दुसऱ्या शिक्षिकेची जागा भरायची आहे, हे तिनं पत्रात लिहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी, मी बोरीच्या शेंगांचं कौतुक करत असताना, तिनं ते मध्येच सांगून टाकलं.

परतीचा प्रवास तोच, मोटार तीच, ढकलणारे वेगळे. पिंगळीला जायला या वेळी वेळ नव्हता. पेडगावच्या स्टेशनवर आण्णा बैलगाडी घेऊन आले होते.

"मिळाली का जागा?"

"अजून नाही. चैतापर्यंत तयारी करावी लागेल. मला जिंतूरला राहावं लागेल आण्णा. शाळेत नोकरी आहे."

त्यांनी बैल हाकले. नाला ओलांडल्यावर विचारलं, "पगार सरकारी म्हैन्यानं देतेत का इंग्रजी?"

"सरकारी."

"मग तारीख नीट बघत जाय," ते म्हणाले.

आता महिना झाला. झुबेदाच्या टीमनं पुढचे दोन सामने जिंकले, असं तिचं पत्र आलं, आणि मला आनंदही झाला. पण पत्र घडी करून ठेवताना लक्षात आलं की मी आधी त्यात आकडे नव्हे, तो एक गुण कसा गेला हे शोधत होते, म्हणजे गंगूला सांगता येईल. कॉलेजात असताना मला वाटायचं की शिकलेल्या मुलीनं गावाकडे येऊन मोठमोठी कामं करावीत. सध्या माझं सर्वांत मोठं काम एका उंच मुलीला चेंडू सोडायला शिकवणं हे आहे. ते वाटतं तेवढं सोपं नाही.

चैतात सामना आहे. पाहायला यायचं असेल तर परभणीहून सकाळची मोटार धरा, संध्याकाळची भरवशाची नाही. आणि येताना चेंडूचं एखादं जास्तीचं ब्लॅडर घेऊन या. इकडे बाभळीचे काटे फार आहेत.