फक्त तुह्या कानावर घालतो

“हे प्रभूऽऽ! आजही भाजीत मीठ नाही! मी तक्रार नाही करून राहिलो, फक्त तुह्या कानावर घालतो!”

रायपूरच्या समता कॉलनीतल्या आमच्या गल्लीची सकाळ अशी उजाडायची. शेजारचे भाऊ अंगणात उभे, डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हात वर, तोंड मात्र आकाशाकडे नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर त्या वेळी पेशंट नसला तरी कानांत नळ्या घालून बसत. कबुतरांनी कधीच ब्राह्मणपारा मोहल्ल्यात बिऱ्हाड हलवलं होतं. पार नव्या रायपुरात मंत्रालयाच्या काचा थरथरतात म्हणे. ते मी पाहिलं नाही, पण खोटंही वाटत नाही. रेल्वेचे डबे दुरुस्त करण्याच्या कारखान्यात हातोड्यांवर आवाज चढवण्यात ज्याची उभी नोकरी गेली, तो माणूस देवाशी कुजबुजणार कसा?

भाऊ साठी उलटल्यावर ख्रिस्ती झाले. मोठ्या आजारात दवाखान्यात पडले होते, तेव्हा बाजूच्या खाटेवरच्या पेशंटला भेटायला येणारी माणसं जाताजाता यांच्याही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. आम्ही सख्खे शेजारी. आम्ही एकदाच सफरचंदं घेऊन गेलो आणि गाडी लावण्यावरून चौकीदाराशी भांडून, सफरचंदं डिकीत तशीच घेऊन परत आलो. भाऊ बरे झाले आणि त्या लोकांच्या मागे चर्चमध्ये गेले, ते गेलेच.

वहिनींचा राग धर्म बदलल्याचा नव्हता, न विचारल्याचा होता. “मले विचारल्याशिवाय या माणसानं कधी वांगे नाही आणले, अन् देव आणला!” भाऊंना त्यांनी एकच वाक्य सुनावलं, “आता ज्याच्याकडे गेले, त्याच्याशीच बोला.” आणि बोलणं बंद.

भाऊ बायकोच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते. ते त्याच्याशीच बोलू लागले, फक्त असं की फोडणीच्या आवाजातही ऐकू जावं. वहिनीही काही कमी नव्हत्या. महादेवाला बेल वाहता वाहता घंटी वाजवून सांगायच्या, “देवा, त्या माणसाले सांग, चहा थंड होऊन राहिला. अन् कूलर बंद पडला.” भाऊ उठायचे आणि कूलरला थापड मारायचे. तो कूलर त्यांच्या थापडेशिवाय चालत नसे, आणि थापड नेमकी कुठं बसली पाहिजे ते त्यांनाच ठाऊक. असा संसार चालला होता. त्या घरात दोन्ही देवांना पोस्टमनची नोकरी लागली होती.

धर्म नवा, पण सवयी विदर्भातून आजोबांच्या ट्रंकेत भरून आलेल्या. भाऊ प्रभूला सरळ नवस बोलायचे. “माही साखर उतरव, मी तुले नारळ...” मग एक डोळा उघडून मला विचारायचे, “काहो, त्याले नारळ चालते काय?” मी म्हणायचो, “मेणबत्तीवर भागवा.” ते लगेच वर, “हव, मेणबत्ती! पण मोठी!”

आता आमच्या गल्लीचं ऐका. भाऊंचा बाप्तिस्मा झाल्यावर निळ्या फाटकवाल्यांनी घरोघर जाऊन सांगितलं की त्यांच्या घरचं पाणी बंद. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्याच आठवड्यात हेच गृहस्थ भिंतीआडून कुजबुजताना मी पाहिले. “भाऊ, आमच्या पोट्ट्याचंही टाका ना थोडं त्याच्या कानावर. पण नाव नका घेऊ.”

भाऊंनी शब्द पाळला. नाव घेतलं नाही. प्रभू चुकीच्या घरी जाऊ नये म्हणून फक्त पत्ता सांगितला. “हे प्रभू! गल्लीत शिरल्यावर डाव्या हाताला, निळं फाटक! पोट्ट्याची नोकरी सुटली! कोणाले सांगायचं नाही म्हणून राहिले, म्हणून फक्त तुह्या कानावर घालतो!”

डॉक्टरांनी कानातल्या नळ्या काढून ऐकलं.

बोभाटा चर्चपर्यंत गेला. पास्टर आले. शांत, काटकुळा माणूस. म्हणाले, “भैया, प्रभु को पता मत बताइए, उसे मालूम है। और वो बहरा भी नहीं है। कमरे में जाइए, दरवाज़ा बंद कीजिए। थोड़ी उसकी भी सुनिए।”

दुसऱ्या दिवशी गल्ली सुनसान. कबुतरं परत आली. मी पेपर उघडतो न उघडतो तोच भिंतीपलीकडून वहिनी, “भाऊजी, जरा येऊन पाहा ना. तो माणूस आज ओरडून नाही राहिला.”

आम्ही कोठीघराचं दार ढकललं. तांदळाच्या पोत्याला टेकून भाऊ बसले होते. डोळे मिटलेले, ओठसुद्धा हलत नव्हते. मला वाटलं, आटोपलं. वहिनींना बहुतेक तेच वाटलं असावं, कारण इतक्या महिन्यांनी कुठल्याही देवाला मध्ये न घेता त्या ओरडल्या, “काहून गप बसले? काय मागून राहिले तुमी एवढं?”

भाऊंनी डोळे उघडले. आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, की हिनं खरंच मलाच विचारलं ना?

“तुह्या गुडघ्याचं,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात.

“माह्या गुडघ्याचं मी पाहीन. तुमी कूलर पाहा.”

भाऊ उठले आणि कूलरला अशी काही थापड मारली की तो त्या उन्हाळ्यात पुन्हा बंद पडला नाही.

थंडीत भाऊ गेले. कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभे राहून गल्लीनं “माणूस चांगला होता” असं पुन्हा पुन्हा म्हटलं, निळं फाटक सगळ्यांत मोठ्यानं. आत गेल्या त्या वहिनी. दुखऱ्या गुडघ्यानं, माती द्यायला.

मग मे आला. रायपुरातला मे, नळ सोडला की थेट चहापत्ती टाकावी. एका सकाळी शेजारच्या अंगणातून ओरडा ऐकू आला आणि मी खुर्चीतून उडालोच. वहिनी उभ्या होत्या. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हात वर.

“ओ प्रभू! तुमी मले ओळखत नसान, मी त्यायची बायको! त्यायले जरा विचारून सांगा, कूलरले थापड कुठं मारायची!”

मी भिंतीवरून डोकावलो. “वहिनी, तुम्ही? आणि प्रभूला?”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

“महादेवाले विचारलं, भाऊजी. त्याले नाही माहीत.”