झालरीच्या टेबलाखाली

टेबलाला मरून रंगाची झालर लावली होती. आत मी होते. गुडघे पोटाशी घेऊन, मान वाकवून, कारण मान सरळ केली की डोकं फळीला लागायचं. हातात एक बटण. बटणाची वायर फळीला पाडलेल्या भोकातून वर माझ्या बोर्डाकडे गेली होती. वर ऋचा उभी राहून माझा प्रोसेसर पाहुण्यांना समजावून सांगत होती. आणि आमचे विभागप्रमुख माइकवर म्हणत होते, "आमच्या संस्थेत मुली मागे राहत नाहीत."

टाळ्या पडल्या. झालर हलली, धूळ नाकात गेली. मी शिंक दाबून धरली.

कार्यक्रमाचं नाव होतं 'हार्डवेअर संशोधनातल्या स्त्रिया'. हे वाचून कोणाला हसू येत असेल तर हसून घ्या. मला अजून येत नाही.

मी नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएच.डी. करते. कॉम्प्युटरच्या आत जी चिप असते, तिनं काम कसं करावं हे आखणं हा माझा विषय. माझा प्रोसेसर कूलरच्या मोटरचा आवाज ऐकतो आणि बेअरिंग जायच्या आधीच लाल दिवा लावतो. मे महिन्यात कूलर बंद पडला की काय होतं, हे आमच्या नंदनवनच्या दोन खोल्यांत कळतं. तिथंच मला हे सुचलं. आखणी माझी, सोल्डरिंग माझं, पोळलेली बोटं माझी.

ऋचा लॅबमध्ये नवीन होती. सर म्हणजे तेच विभागप्रमुख, माझे गाइडही तेच; त्यांच्या मित्राची मुलगी. वाईट नव्हती. गोरी होती, इंग्रजी फाडफाड बोलायची, फोटोत छान दिसायची. सकाळी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "डेमो ऋचा देईल."

"सर, बोर्ड माझा आहे."

"तुझाच आहे गं. पण तू तोंड उघडलंस की वस्ती दिसते. दिल्लीची माणसं येतायत. तिथं 'मले-तुले' करशील, लाज जाईल संस्थेची."

लॅबमधली पोरं हसली. माझ्या डब्यातलं रोज खाणारा एक होता, तोही हसला.

बोर्डात एक खोड होती. चालता चालता अडकायचा, मग बटण दाबून पुन्हा सुरू करावा लागायचा. दुरुस्त बोर्ड बनवून घेऊ म्हणून मी सरांच्या मागे लागले होते, पण त्यांना कार्यक्रमाची घाई. बटणाची वायर लांब ओढली तर बोर्ड भलत्याच वेळी आपोआप सुरू व्हायचा. म्हणजे दाबणारं माणूस जवळ हवं. आणि पाहुण्यांना दिसायला नको. सरांनी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू खाली बस. बारीकच आहेस."

मी बसले.

आई हॉलमध्ये होती. आदल्या दिवशी मीच तिला म्हटलं होतं, ये, मी स्टेजवर बोलणार आहे. ती गांधीबागेत साड्यांच्या एका ठोक दुकानात घड्या घालण्याचं काम करते. मालकाच्या हातापाया पडून तिनं सुट्टी घेतली. दीक्षाभूमीवर जाताना नेसते ती पांढरी साडी नेसून आली. माझा फोन मांडीवर थरथरत होता. आईचा फोन. बंद झाला, पुन्हा थरथरला. ती मला शोधत होती आणि मला तो उचलता येत नव्हता.

वर प्रमुख पाहुण्यांनी ऋचाला विचारलं, "अकेले किया सब?"

ऋचानं सरांकडे पाहिलं. सर बोलले. "पूरा इसी का काम है, मॅडम."

तेवढ्यात बोर्ड अडकला. वरची मोटर घरघरत राहिली, दिवा लागेना. मी बटण दाबायला हवं होतं. अंगठा बटणावरच होता. दाबला नाही. ठरवून असं काही केलं नाही, अंगठा गेलाच नाही खाली. मग झालरीतून सरांचा बूट आत आला आणि माझ्या गुडघ्याला लागला. चुकून लागला असेल असं वाटलं. मग तो दुसऱ्यांदा आला. जोरात, हाडावर.

छप्पन सालापासून आमच्या घरात एक गोष्ट शिकवली जाते, कोणापुढे वाकायचं नाही. आजोबांनी ती दीक्षा घेऊन घरी आणली, बाबा मरेपर्यंत पाळत राहिले. आणि मी, घरातली सगळ्यात शिकलेली, टेबलाखाली वाकून लाथा खात होते. कानशिलं तापली. मी झालर उचलली आणि बाहेर आले.

केसांत जाळं, सलवारीला धूळ. सगळा हॉल बघत होता. माइक ऋचाच्या हातात होता. मी मागितला नाही, मोठ्यानंच बोलले.

"हा प्रोसेसर माझा आहे. काय विचारायचं ते मले विचारा."

'मले' म्हटलं. ठासून म्हटलं.

प्रमुख पाहुण्या सरांकडे वळल्या. "टेक्निशियन है क्या?"

"हां, हेल्पर लडकी है," सर म्हणाले.

"मी संशोधक आहे. हे माझं पीएच.डी.चं काम आहे."

या बाईंची भाषणं मी पुन्हा पुन्हा ऐकली होती. त्यांचा फोटो माझ्या टेबलावर लावला होता. या क्षेत्रात बाई इतकी पुढे जाते, मग आपणही जाऊ, असं त्या फोटोकडे बघून वाटायचं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "बेटा, घर की बात घर में सुलझाते हैं. आज महिलाओं का दिन है, इसे खराब मत करो." मग घड्याळ बघितलं आणि ऋचाला फुलांचा गुच्छ दिला. सरांच्या बुटापेक्षा तो खांद्यावरचा हात मला जास्त लागला.

व्हरांड्यात सरांनी गाठलं. "आरक्षणाच्या सीटवर आलीस, गुपचूप डिग्री घेऊन जायचं होतं. आता तुझा थिसिस कसा पुढे सरकतो ते बघतो." दुसऱ्या दिवशी लॅबच्या दारावर बोट ठेवलं तर दार उघडलं नाही. माझ्या बोटाचा ठसा यंत्रातून काढून टाकला होता.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी ऑटोत आई घरापर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसली होती. दार उघडताना म्हणाली, "तू काहून बसली वं टेबलाखाली?"

"सरांनी सांगितलं."

"सांगितलं त. हात धरून कोंबलं होतं का तुले? इतके वर्ष मी दुकानात खाली बसून साड्याच्या घड्या घालून राहिली. ते काहून? तुले खाली बसता यावं म्हणून?"

मी रडले. ती नाही रडली. तिनं मला जवळही घेतलं नाही. पदर खोचला आणि कणीक मळायला बसली.

आता आम्ही काही जणी नागपुरातच, सदरला, एका शिकवणीच्या वर्गावरची खोली रविवारपुरती घेतो. पहिल्या रविवारी मी आणि सर्किटमधले सिग्नल बघायला जुन्या बाजारातून आणलेला एक स्कोप, एवढेच होतो. मग एक जण आली, लग्नानंतर सासरच्यांनी बोर्ड डिझाइनचं काम सोडायला लावलेली. मग उमरेडची एक डिप्लोमावाली, जिच्या वर्कशॉपमध्ये मुलींना फक्त फाइल लिहायला देतात. आता खोली कमी पडते. जिनं बनवलं तिनंच उभं राहून सांगायचं, ज्या बोलीत येईल त्या बोलीत, हा तिथला नियम. दर वेळचा व्हिडिओ आम्ही नावागावासह लावतो. लोक खाली घाण लिहितात. जात काढतात, दिसण्यावर बोलतात. आम्ही ते वाचतो आणि पुढचा व्हिडिओ लावतो.

एका रविवारी ऋचा आली. दारात उभी राहून माफी मागायला लागली. मी तिला मध्येच थांबवलं.

"माफी राहू दे. मी खाली आहे हे तुला माहीत होतं. माझ्या तक्रारीच्या सुनावणीत तेवढं सांगशील?"

काढलेली एक चप्पल तिनं पुन्हा पायात घातली. मग गेली. मी तिला परत बोलावलं नाही.

सुनावणी विद्यापीठात आहे. तक्रार मी केली आहे. परवा सरांचा निरोप आला: या प्रोसेसरच्या पेपरवर तुझं नाव पहिलं टाकतो, थिसिसही पाठवतो, तक्रार तेवढी मागे घे. खोलीतल्या एक-दोघी म्हणाल्या, घेऊन टाक, डिग्री तरी हातात येईल. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. डिग्री मलाही हवी आहे. पण या अटीवर नको. तक्रार मागे घेतली तर उद्या त्या टेबलाखाली उमरेडची पोरगी बसलेली असेल.

नाही मिळाली डिग्री तर न मिळो. मी लॅबवरचा हक्क सोडणार नाही, नागपूर सोडणार नाही, आणि माणूस म्हणून समजून घ्या असं कोणालाही सांगत बसणार नाही. इथं मी सरांचं नाव लिहिलेलं नाही. सुनावणीत घेणार आहे. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, पहिल्याच वाक्यात.