ढालीचे शेवटचे चार रविवार

दामूकाका, वंदनावहिनी, सुऱ्या आणि मी, आमच्या चौघांच्या टोळक्यातले किस्से म्हणजे भाताच्या गिरणीमागचा कोंडा. कोणी मुद्दाम साठवत नाही, पण दरवर्षी ढीग होतोच! त्यातले निम्म्याहून जास्त किस्से कबड्डीच्या लीगचे, आणि तेही शेवटच्या चार रविवारांचे.

भातकापणी उरकली की आमच्या शहापूरकडच्या आणि पलीकडच्या मुरबाडकडच्या गावांची लीग सुरू होते, ती शिमग्याच्या आधी संपते. दर रविवारी मॅच. जिंकणाऱ्या गावाला वर्षभर देवळात ठेवायला एक ढाल मिळते. आमच्या देवळात ती कधीच आलेली नाही.

याचं सगळ्यात जास्त दुःख दामूकाकांना. भातसानगरला धरणावर नोकरी करून रिटायर झालेला माणूस. तरुणपणी गावच्याच टीममधून खेळले, नंतर दोन पिढ्यांची पोरं शिकवली. "एकदा ढाल आपल्या देवळात बघू दे, मग मी मोकळा," हे एकच मागणं. यंदा चार रविवार उरले तेव्हा आम्ही आणि मुरबाडकडची एक टीम, दोघं सारख्या गुणांवर होतो. तिथून आमची झोप उडाली.

*

वंदनावहिनी अंगणवाडीत सेविका. मैदानावर मात्र तिच्या शेजारी उभं राहू नये, चिमटे काढते! यंदा तिनं देवीला नवस बोलला, ढाल येईपर्यंत वाल खाणार नाही. ऐन शेंगांच्या दिवसांत! आणि जे स्वतः खायचं नाही ते ती शिजवणार कशाला? घरात वाल बंद.

तिचा नवरा बिचारा साधा माणूस. कबड्डीतलं त्याला ओ की ठो कळत नाही. महिनाभर मुकाट जेवला आणि एक दिवस आमच्यासमोरच फुटला.

"नवस बोलायचाच व्हता तं कारल्याचा बोलायचा ना गो!"

वहिनी शांतपणे म्हणाली, "जे आवडतच नाय ते सोडून देवी पावंल काय?"

त्या रात्री त्याच्या ताटात कारलंच पडलं.

*

दामूकाकांचं बीपी वाढलं. शहापूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "टेन्शन घेता का?"

"मी कशाला घेऊ? ते आपोआप येतं!"

डॉक्टरांनी त्यांना मॅच बघायला बंदी केली. काका शहाण्यासारखे एक रविवार घरी बसले. मैदान घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आरडाओरडा सगळा ऐकू येत होता, पण तो कोणाच्या बाजूचा ते कळत नव्हतं! दहा मिनिटांत काकी त्यांना दंडाला धरून मैदानावर घेऊन आल्या. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात काका.

"बसवा यांना हितंच," त्या म्हणाल्या. "काय व्हायचं ते समद्यांच्या देखत व्होऊ दे. घरात येरझाऱ्या घालून घालून माझं बीपी वाढवलंन!"

*

सुऱ्या जीप चालवतो, शहापूर ते मुरबाड. त्याच्या बहिणीला बघायला पाहुणे आले, ते नेमके त्या मुरबाडकडच्या गावचे. पोहे झाले, चहा झाला. आईनं डोळ्यांनी खुणावलं, विचार की काहीतरी. मुलाची नोकरी, शेती, माणसं, काहीही!

सुऱ्या सरसावून बसला. "तुमच्या टीमचा डावा कोपरा सांभाळतो त्याचा गुडघा दुखावलाय म्हणतात. बरा झाला का?"

मुलाचा बाप हसला. "त्यालाच विचारा की. हा काय समोर बसलाय!"

नवरामुलगाच डावा कोपरा! तो हात धुवायला उठला तेव्हा सुऱ्या टक लावून त्याचे पाय बघत राहिला. मग आत जाऊन आईच्या कानात आनंदानं म्हणाला, "लंगडतोय!"

"मेल्या, जावई लंगडतोय म्हणून नाचतोस?"

सोयरीक ठरली. गुडघाही आठवड्यात बरा झाला, याचं सुऱ्याला फार वाईट वाटलं.

*

शेवटून दुसऱ्या रविवारी आमची मॅच सकाळीच आटोपली, जिंकलो. दुपारी त्या मुरबाडकडच्या टीमची मॅच डोंगराकडच्या एका वाडीबरोबर होती. मी वाशिंदला फॅक्टरीत सेकंड शिफ्टला असतो, पण रविवार माझा. सुऱ्याच्या जीपनं आम्ही गेलो, त्या वाडीच्या बाजूनं ओरडायला. घसे बसले.

वाडीचा कॅप्टन मध्येच येऊन विचारतो, "तुमी कोनाचे पावने?"

"तुमचेच रे!"

"आमचे पावने आमाला म्हाईत नाय?"

माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, त्या मुरबाडकडच्या गावची. पदराचं टोक मुठीत आवळून धरलेलं. तिची टीम हरावी म्हणून मी ओरडत होतो, आणि ती प्रत्येक चढाईला डोळे मिटून पुटपुटत होती. अगदी शेवटी तिची टीम निसटती जिंकली. तिनं श्वास सोडला आणि माझ्याकडे बघून पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पी रे बाबा. वरडून वरडून घसा बसला तुजा."

मी पाणी प्यालो. मी कोणत्या गावचा ते सांगायची हिंमत झाली नाही. त्या बाईचं तरी कुठे काय चुकलं होतं? तिलाही ढाल तिच्याच देवळात हवी होती.

*

शेवटचा रविवार. आमच्याच गावात, आम्ही विरुद्ध तेच मुरबाडकडचे. जिंकेल त्याची ढाल.

आमच्या लीगचा एक जुना रिवाज आहे. मागच्या रेषेवरचा पंच बाहेरून आणत नाहीत. ज्या गावात मॅच, त्या गावच्या एका म्हाताऱ्यानं ती रेष राखायची, आणि त्याच्या शब्दावर पाहुण्यांनी ब्र काढायचा नाही. यंदा मान दामूकाकांचा. डॉक्टरांचं कोणी नाव काढलं नाही.

गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई आमच्या गणेशची. काकांनीच घडवलेला पोरगा. तो पार कोपऱ्यात घुसला, एकाला शिवला, दोघांच्या हातांतून सुटला आणि मधली रेष पार करून पडला. शिट्टी झाली!

सगळं गाव मैदानात घुसलं. गुलाल उधळला. वंदनावहिनी रडत होती. सुऱ्यानं मला उचललं. मीही रडत होतो, लपवत नाही.

मग हळूहळू आवाज कमी होत गेला. मागच्या रेषेवर दामूकाका हात वर करून उभे होते.

"पाय बाहेर पडला," ते म्हणाले. "शिवायच्या आधी."

रेषेची चुन्याची फक्की तोवर शंभर पायांनी पुसून गेली होती. मुख्य पंचांनी दोनदा विचारलं, "काका, नक्की?" काकांनी दोनदा मान हलवली. गणेश बाद, गुण त्यांना, मॅच त्यांची, ढाल त्यांची.

त्यांची पोरं नाचलीसुद्धा नाहीत. त्यांचा कॅप्टन काकांजवळ आला, पाया पडला आणि हळूच म्हणाला, "काका, आमच्यातल्या कोनालाच दिसला नव्हता वो पाय."

काका चपला शोधत होते.

"मला दिसला ना," ते म्हणाले.