पिवळ्या कुत्र्याचा विमा

कुत्र्याचा विमा परवडतो का, असं मला लोक अजून विचारतात. कुरुंद्यात हा प्रश्न माझ्याकडेच येतो, कारण गावात कुत्र्याचा विमा काढलेली मी एकटीच. विचारताना ते हसतात. मी हसणाऱ्यालाही पूर्ण उत्तर देते. आमच्या घरात अर्धवट उत्तर द्यायची पद्धत नाही.

बाबा पत्रकं काढतात. नळाला पाणी नाही, पत्रक. शाळेजवळ दारूचं दुकान, पत्रक. अक्षरं यायच्या आधी मला पत्रकाची घडी घालता यायची. घरातली भांडणंसुद्धा मुद्दा एक, मुद्दा दोन अशी चालायची. त्यामुळे मी कुत्र्याचा विमा काढणार म्हटल्यावर बाबांनी आधी चष्मा काढून पुसला.

"कंपनी भीती विकते. मुद्दा एक."

"विमा म्हणजे हजार जणांनी मिळून एकाचं ओझं उचलणं. तुमीच सांगता ना, एकजूट करा म्हणून? मुद्दा दोन."

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. "मुद्दा तीन," ती म्हणाली, "कुत्रं शेजारच्या कोंबडीमागं लागून राहिलं. आधी त्याला आवरा."

तीन दिवस भांडून मी जिंकले, कारण हप्ता माझ्या शिकवणीच्या कमाईतून जाणार होता. जिंकले ते जिंकले, वर स्वतःचं पत्रक काढलं: 'प्राण्यांचा विमा ही चैन नव्हे!' बसस्टँडपासून बाजारापर्यंत चिकटवलं. शेजारच्या काकू, त्या कोंबडीच्या मालकीण, भर गल्लीत माझी वाट अडवून उभ्या राहिल्या.

"काहून गं पोरी, माणसाचा विमा न्हाई अन् कुत्र्याचा? त्याचा वारस कोण लावला, मांजर?"

सगळी गल्ली हसली. मीही हसले, पण आतून पेटले होते. जो जीव बोलू शकत नाही त्याच्या दुखण्याची तजवीज करणं ज्या समाजाला चेष्टा वाटते, तो आधी दुरुस्त केला पाहिजे, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

अर्ज मी मोबाइलवर भरला, अंगणात बसून. दिवस हळदीचे होते. आमच्या भागात शिजवून वाळवलेली हळद लोखंडी ड्रममध्ये घालून गरागरा फिरवतात, तेव्हा तिची साल निघते आणि बारीक पिवळी भुकटी उडते. ती पापण्यांवर बसते, दुधावर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. त्या दोन महिन्यांत कोणी कोणाला पिवळा म्हणत नाही, कारण सगळेच पिवळे. आमचा कुत्रा तर दुपारभर ड्रमखालच्या भुकटीतच झोपायचा. चारी बाजूंनी फोटो मागितले होते, ते काढले. पुढे रकाना होता: रंग. पत्रक लिहिताना डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं, हे मी बाबांकडून शिकले होते. मी मान वर केली, कुत्र्याकडे पाहिलं आणि लिहिलं, पिवळा.

श्रावणात तो एका टेम्पोमागे धावला आणि मागच्या डाव्या पायाचं हाड मोडून घेऊन परत आला. परभणीच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तात्पुरती पट्टी बांधली आणि सांगितलं, आत धातूची पट्टी बसवून ऑपरेशन करायचं, तेही पाच दिवसांत. उशीर झाला तर पाय कामातून जाईल. मी निर्धास्त होते. कंपनीकडे कागद पाठवले, ताजे फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"मॅडम, पॉलिसी में डॉग येलो है. ये तो व्हाइट है."

पावसाने हळद कधीच धुऊन नेली होती. मी अंगणात पाहिलं. दाराशी पांढराशुभ्र कुत्रा पडला होता आणि माझ्याकडे बघत शेपटी आपटत होता. मी हसत सुटले आणि हसता हसता रडायला लागले.

मी फोनवर इतकी भांडले की कंपनीने तपासायला माणूस पाठवायचं कबूल केलं. तो चौथ्या दिवशी येणार होता. त्या सकाळी आईने हळदीचा डबा काढला.

"तो यायच्या आधी लावून टाकू. बराबर पिवळा दिसंल."

"ही फसवणूक आहे," मी म्हणाले.

"फसवणूकच," बाबा म्हणाले. विम्याच्या बाबतीत आम्हा दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

आईने डबा आदळला. "मग तुमची तत्त्वं बांधा त्याच्या पायाला. जुळतो का बघा!"

बाबांनी डबा उचलून परत फळीवर ठेवला.

कंपनीचे साहेब नांदेडहून आले. पांढरा कडक इस्त्रीचा सदरा. अंगणात खुर्ची टाकली, चहा दिला, गल्ली गोळा झाली. मी उभं राहून सांगितलं, "साहेब, अर्जातली चूक माझी. कुत्रा पांढरा आहे. पण त्या दिवशी तो पिवळा होता."

"म्हणजे कुत्रा मोसमाप्रमाणे रंग बदलतो?"

"कुरुंद्यात सगळेच बदलतात. तुमी मार्चमध्ये या, तुमीबी बदलाल."

साहेबांनी मोबाइलमधला जुना फोटो पाहिला, कुत्रा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. "ठीक आहे," ते म्हणाले. "माझ्यासमोर पिवळा करून दाखवा."

आता लपवाछपवी नव्हती. साहेबांचाच हुकूम होता. आईने परात आणली. तेवढ्यात काकू पदर खोचून पुढे आल्या.

"थांबा गं! हळद लावायची अन् गाणं न्हाई? नवरदेव रुसंल ना!"

आणि बायकांनी खरोखर हळदीचं गाणं धरलं. एकीने आंब्याचं पान आणलं. दुखरा पाय सोडून सगळ्या अंगाला हळद लागली, कानामागे, पाठीला, शेपटीला. कुत्रा डोळे मिटून बसला होता. आमच्या घरात एवढा मान त्याला कधी मिळाला नव्हता. कोणीतरी ओरडलं, "नवरी कुठली?" काकू म्हणाल्या, "औंढ्याची! शिकलेली हाय!" मग नवरदेवाने अंग झटकलं. साहेबांचा सदरा, चष्मा, मिशा, चहा, सगळं पिवळं झालं.

साहेबांनी चष्मा काढला. डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं राहिली होती.

"सायेब," काकू हळूच म्हणाल्या, "तुमचं लगीन झालंय ना?"

आधी साहेबच हसले. मग कोणाला आवरलं नाही. बाबा भिंतीला धरून हसत होते. साहेबांनी पिवळ्या बोटांनी फोटो काढले, जुन्या फोटोशी ताडून पाहिले आणि म्हणाले, "तोच आहे. मी लिहून देतो. पण मंजुरी वरून येते. पंधरा दिवस तरी लागतील."

आमच्याकडे एकच दिवस होता. हप्ता भरून माझे हात रिकामे, घरात पेरणी नुकतीच झालेली. मी कुत्र्याजवळ खाली बसले. त्याने माझ्या हाताला लागलेली हळद चाटली.

"मंजुरी येईल तवा येईल," काकू म्हणाल्या. "हळद लावली, आता आहेर नको व्हय?" त्यांनी कमरेची पिशवी काढून एक नोट परातीत ठेवली. मग दुसरीने ठेवली. एकीने नोटेवर ब्लाउजपीसही ठेवलं, सवयीने. बाबांनी पुढच्या पत्रकाच्या छपाईचे पैसे ठेवले. शेवटी साहेब उठले, खिशात हात घातला आणि मला म्हणाले, "पत्रकात माझं नाव टाकू नका."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी पिवळा रोगी पाहून आधी कावीळ आहे का विचारलं. घरी पाठवताना त्यांनी मला बजावलं, "हा पाय टेकवेल, लगेच उचलेल, तुम्ही फसू नका. ज्या दिवशी चांगला पाय वर करून या पायावर उभा राहील, त्या दिवशी मला फोन करा."

कंपनीचे पैसे महिन्याने आले, थोडे कापून. मी आहेर परत करायला निघाले तर कोणी घेईना. आहेर कोण परत घेतं? ते पैसे आता गल्लीतल्या जनावरांच्या औषधासाठी वेगळे ठेवलेत, आणि पहिला खर्च झाला तो काकूंच्या त्याच कोंबडीवर.

तर, विमा परवडतो का? मी म्हणते परवडतो, काढा, फक्त अर्ज भरायच्या आधी कुत्र्याला आंघोळ घाला. बाबा म्हणतात, कंपनीने पैसे दिले, पण पाय वाचवला गल्लीने. मी म्हणते, गल्लीने केलं तोच खरा विमा, कंपनी त्याची नक्कल करते आणि उशिरा करते. म्हणजे मुद्दा कोणाचा सिद्ध झाला, यावर एका संध्याकाळी ओट्यावर आमचं जोरात चाललं होतं. काकू पंच होत्या आणि दोघांनाही बोलू देत नव्हत्या.

मध्येच आई किंचाळली, "अगं, तिकडं बघ!"

कुत्रा लंगडत विजेच्या खांबाशी गेला होता. त्याने खांब हुंगला, गोल फिरला, विचार केला. मग सावकाश उजवा पाय वर केला. डावा थरथरला आणि टिकला. सगळी गल्ली श्वास रोखून एका कुत्र्याला मुतताना बघत होती.

मी फोन लावला. "उभा राहिला!" एवढंच मला ओरडता आलं.

"किती वेळ?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अजून उभाच आहे!"