पटाची डावी बाजू

बायको गेल्यावर मी मोबाइलवर बुद्धिबळ खेळायला लागलो. दुःख विसरायला वगैरे नाही, दुःख तसं होतच नव्हतं. सकाळी चहा, वाडीत पडलेल्या सुपाऱ्या गोळा करणं, मग डाव. जिंकलो तरी काही वाटायचं नाही, हरलो तरी नाही. हरायचोच जास्त.

मुलगी पुण्याला असते. ॲपवरचं माझं रेटिंग, म्हणजे खेळाचे गुण, तिला तिथून दिसायचं. ॲप सुरुवातीला सगळ्यांना देतं त्या बाराशेवरून ते नऊशेवर आलं तसा तिचा फोन आला.

"बाबा, परवा स्कूटर कुंपणाला घासलीत, आता हे. तुमचं लक्ष ठिकाणावर नाही. श्रीवर्धनचं घर बंद करा नि इकडे या."

"छत्तीस वर्षं भूमिती शिकवलीय मी. डोकं जागेवर आहे."

"मग दिवाळीपर्यंत बाराशे करून दाखवा. पुण्याचं नाव काढणार नाही. पण नुसतं खेळून भागायचं नाही. हरलेला प्रत्येक डाव परत बघायचा, चूक लिहून काढायची."

मास्तरालाच गृहपाठ! पण मला हे घर सोडायचं नव्हतं. का, ते मात्र सांगता आलं नसतं.

दोनशे पानी वही घेतली. हरलेला डाव उघडायचा, ॲप चूक लाल रंगात दाखवतं, कुठल्या घरात मार बसला ते लिहायचं. सुरुवातीच्या चाली पाठ केल्या. दीड महिना झाला, रेटिंग हलेना. वहीत तर नुसता गोंधळ. पांढऱ्या सोंगट्या असल्या की पटाच्या ए आणि बी या उभ्या पट्ट्यांत चुका, काळ्या असल्या की जी आणि एचमध्ये.

एका दुपारी वैतागून जुना लाकडी पट काढला आणि हरलेले डाव त्यावर मांडले. काळ्यांच्या बाजूला जाऊन बसलो तेव्हा ट्यूब पेटली. मोबाइलवर काळ्या सोंगट्या आल्या की पट फिरतो, जी-एच डावीकडे येतात. म्हणजे ए-बी असो की जी-एच, उंट येऊन वजीर उचलत होता तो दर वेळी माझ्या डाव्या हाताकडून.

अलिबागच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. "डोळे चांगले आहेत. मेंदूत मागच्या बाजूला छोटा झटका येऊन गेलाय. डावीकडचं निम्मं तुम्हाला दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही. जुना आहे, दोनेक वर्षांचा तरी." गोळ्या दिल्या, स्कूटर बंद केली आणि मान डावीकडे वळवून बघायची सवय लावा म्हणाले.

पटावर ती सवय लागली. दिवाळीच्या आधीच बाराशे ओलांडले. मुलगी शब्दाला जागली. "जिंकलात बाबा. राहा तिथेच."

त्यावरही विशेष काही वाटलं नाही. जेवायला बसलो. स्वयंपाकाच्या बाई बायकोच्या वेळेपासूनच्या; डॉक्टरांचं सांगणं मुलीने फोनवर त्यांच्या कानावर आजच घातलं होतं. वरणभात संपवून उठणार तोच त्या म्हणाल्या, "गुरुजी, मान वळवा. चटनी ऱ्हायली."

मान वळवली. डावीकडे मीठ-लिंबाशेजारी, जिथे ती वाढतातच, ओल्या नारळाची चटणी होती.

"आज केलीत होय?"

"आज कुठली! रोज असते. वैनींनी सांगून ठेवलंय, ह्यांच्या पानात चटनी पायजेच. त्या बी रोज करायच्या. तुमी हातच न्हाय लावायचात. मला म्हनाल्या व्हत्या, ह्यांना आता माज्या हातचं आवडत न्हाय गं."

मला वाटायचं, तिनेच चटणी करायची सोडली. आपण होऊन कशाला विचारा, म्हणून मी विचारलं नाही. तिनेही विचारलं नाही. हट्टात आम्ही एकमेकांना शोभत होतो.

मी ताट अर्धं फिरवलं. चटणी उजवीकडे आली. ती सगळी खाल्ली. बाईंनी आणखी वाढू का विचारलं, वाढा म्हटलं.

ती गेल्यापासूनच्या दहा महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं. बाई पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाल्या, "लय तिखट झाली काय?"