समाधानी लोक उजवीकडे

"जे आयुष्यात समाधानी आहेत त्यांनी उजवीकडे. जे नाहीत त्यांनी डावीकडे."

कॉलेजच्या सभागृहात खुर्च्या भिंतीला लावून मधोमध खडूची रेघ ओढली होती. पुण्याहून आलेले व्याख्याते कॉलरला माइक लावून हसत होते. विषय होता आशावाद आणि करिअर. आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची पोरं. जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या लॅबसाठी मुलाखतीला कोणाला पाठवायचं, तेही त्याच कार्यक्रमात ठरणार होतं. मला ती नोकरी हवी होती. बियांची उगवण तपासायची, पंख्याखाली, खुर्चीवर बसून. आमच्या घरात खुर्चीवर बसून अजून कोणी पगार घेतलेला नाही.

सगळी उजवीकडे गेली. ढकलाढकली करत, हसत. मी डावीकडे गेले. खरं विचारलंय तर खरं सांगावं, एवढंच डोक्यात होतं. आणखी चारदोन जण येतील असंही वाटलं. वळून पाहिलं तर मागे नुसती भिंत.

वैशाली पलीकडे उभी होती. माझ्याच बाकावर बसायची, डबा आम्ही एकत्र खायचो. परीक्षा झाली की घरचे लग्न लावून देणार, म्हणून आदल्याच दिवशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. आता ती समाधानी होती. माझ्याकडे बघत नव्हती.

व्याख्यात्यांना आयतं गिऱ्हाईक मिळालं. बाळ, तुला कशाची कमी आहे, असं त्यांनी माइकवरून विचारलं. मी सांगितलं. आई एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटमध्ये दिवसभर उभी असते. औषध लावलेलं बी हाताळून तिच्या बोटांची सालं निघतात. यात समाधान कशाचं मानू?

पलीकडे कोणीतरी फिस्सकन हसलं. भिंतीलगतच्या एका खुर्चीवर संस्थाचालकांचा मुलगा बसला होता. मुलाखतीसाठी नावं तोच निवडणार होता. बाकी सगळ्यांना नावानं बोलवणाऱ्या त्या माणसानं मला आडनावानं हाक मारली. म्हणाला,

"तुमच्या लोकांना फी माफ, स्कॉलरशिप, सगळं फुकट. तरी रडगाणं सुरूच."

पुन्हा हसू. या वेळी मोठं. तुमच्या लोकांना. आम्ही बौद्ध आहोत हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. कान तापले. खोटं कशाला सांगू, धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

मग व्याख्याते गोड झाले. रेघ ओलांडून ये, म्हणाले. माइकवर फक्त 'मी समाधानी आहे' म्हण. सगळे टाळ्या वाजवतील आणि तुझंही नाव मुलाखतीला जाईल. टाळ्या तर लगेच सुरूही झाल्या. वैशालीनंही वाजवल्या.

एका पावलाचं काम होतं. मी पाऊल उचललंही होतं. आणि तिथंच डोकं फिरलं. ही माणसं मला आशा शिकवत होती. अरे, आशा नसती तर मी रोज पहाटे उठून, घरचं आवरून, बदनापूरहून गाडी पकडून इथं कशाला आले असते? आशा आहे म्हणूनच तर आहे तेवढ्यावर माझं भागत नाही. आहे त्यात समाधान माना, हे आमच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलंय. सांगणाऱ्यांची ताटं कायम भरलेली. आता तेच हे माइकवरून सांगत होते, मधे मधे इंग्रजी शब्द घालून.

मी पाऊल मागे घेतलं.

"मी समाधानी न्हाई. अन्‌ मला त्याची लाज बी न्हाई वाटत."

टाळ्या विरल्या. मुलाखतीला माझं नाव गेलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. वैशाली दुसऱ्या बाकावर बसायला लागली. डबा मी जिन्याखाली एकटीच खायचे. फलाटावर मला बघून वर्गातली पोरं पुढच्या बोगीकडे सरकायची. कोणी वाईट बोललं नाही. कोणी बोललंच नाही. कितीदा वाटलं, काय बिघडलं असतं दोन शब्द म्हटले असते तर?

शेवटी आईला सांगितलं. वाटलं, पाठीवरून हात फिरवेल. ती बोटांना खोबरेल चोळत बसली होती. म्हणाली,

"येडे, तेवढं म्हणून टाकायचं अस्तं. मुकादम रोज इचारतो हात कसेत. मी म्हन्ते, बराबर हायेत. मंग कामावर ठिवतो."

मी तिच्या हातांकडे बघत राहिले. रडू आलं. त्याहून जास्त राग आला. तिच्यावर नाही. तिच्या त्या खोट्यावरच मी शिकलेय, हे मला कळतं.

आता मुलाखती माझ्या मीच शोधते. नकार येतात. येऊ देत. पोटासाठी 'बराबर हाये' म्हणणारी आमच्या घरातली आई शेवटची. माझ्या तोंडून ते कोणालाही ऐकायला मिळणार नाही.